सत्तर टक्के म्हणजे किती?

मिरज म्हटले की सीमाभागातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात : सतारी-तंबोरे आणि दवाखाने. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी शल्यचिकित्सकाने १८९४ साली येथे रुग्णालय सुरू केले आणि १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सोलापूर, विजापूर, बेळगाव, कोल्हापूर अशा चारी दिशांनी रुग्ण येथे येत राहिले. मिरज जंक्शनवर थोडा वेळ बसले तर फाइलींची पिशवी काखेत घेतलेली माणसे दिसतातच. त्यांच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांत एक वाक्य फार ऐकू येते : "अँजिओग्राफी केली, सत्तर टक्के ब्लॉक निघाला."

हे वाक्य ऐकताच घरातले सगळे गप्प होतात. पण विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न यायला हवा. सत्तर टक्के, पण कशाचे? आणि त्या सत्तर टक्क्यांमुळे हृदयाच्या स्नायूला रक्त नेमके किती कमी पडते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. हे टक्के व्यासाचे असतात. रोहिणीचा व्यास सत्तर टक्क्यांनी घटला तर तीस टक्के उरतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वाटेचे क्षेत्रफळ फक्त नऊ टक्के उरते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. ते शोधण्यात वैद्यकशास्त्राची कित्येक दशके गेली. त्या शोधाचीच ही हकिकत आहे.

चित्र हाती आले

चालताना छातीत दडपल्यासारखे दुखते आणि थांबले की दुखणे थांबते, या विकाराचे स्पष्ट वर्णन इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली केले. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्रोहिणींचा, म्हणजे कोरोनरी आर्टरींचा, या दुखण्याशी संबंध आहे हे पुढे हळूहळू कळत गेले. तथापि जिवंत माणसाच्या हृद्रोहिणी पाहायच्या कशा, हा प्रश्न कायम होता.

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातील नीलेतून एक लांब नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. त्या वेळी त्याचे कौतुक होण्याऐवजी त्याला बोलणीच बसली. १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयात नळी नेता येते हे आता सिद्ध झाले होते.

पुढचा टप्पा अपघाताने गाठला गेला. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स हे झडपेचा विकार असलेल्या एका तरुण रुग्णाची तपासणी करत होते. क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य महारोहिणीत सोडायचे होते. नळीचे टोक नकळत उजव्या हृद्रोहिणीच्या तोंडात शिरले आणि सारे द्रव्य तिच्यात गेले. रुग्णाचे हृदय काही क्षण थांबले. सोन्स यांनी त्याला जोराने खोकायला सांगितले आणि ठोके पुन्हा सुरू झाले. द्रव्य थेट हृद्रोहिणीत गेले तरी माणूस वाचतो, हे त्या दिवशी कळले. थोड्या थोड्या द्रव्याने हृद्रोहिणींची चित्रे घेण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. हीच आजची अँजिओग्राफी.

चित्र दिसू लागताच उपायही आले. १९६७ साली रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँड येथेच पायातील नीला वापरून अडथळ्याला वळसा घालणारी बायपास शस्त्रक्रिया केली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी नळीच्या टोकावरच्या फुग्याने हृद्रोहिणीतील अरुंद जागा रुंद केली. १९८६ पासून त्या जागी धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवली जाऊ लागली. अरुंद जागा दिसली की ती मोकळी करायची, असा क्रम साहजिकच पडून गेला.

चित्र पुरे पडेना

याच काळात काही संशोधक वेगळा प्रश्न विचारत होते. १९७४ साली अमेरिकेतील लान्स गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृद्रोहिणी थोड्याथोड्या आवळून रक्तप्रवाह मोजला. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. विश्रांतीच्या अवस्थेत व्यास सुमारे ८५ टक्क्यांनी घटेपर्यंत प्रवाह कमीच होत नव्हता. मात्र हृदयाला जास्तीत जास्त रक्त लागेल अशी अवस्था निर्माण केली, तर व्यास निम्म्यावर येण्याआधीच प्रवाहाची कमाल मर्यादा खाली येऊ लागत होती.

असे का व्हावे? पाठ्यपुस्तकातील आकृतीत हृद्रोहिणी हृदयाच्या पृष्ठभागावरून जाताना दिसतात. त्या रुंद असतात आणि निरोगी असताना रक्ताला फारसा विरोध करत नाहीत. खरा विरोध स्नायूच्या आत शिरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रोहिणिकांचा असतो. या रोहिणिका म्हणजे जणू नळाच्या तोट्या. विश्रांतीत त्या बऱ्याचशा बंद असतात. आपण जिना चढू लागलो की त्या उघडतात आणि रक्त तीन-चार पटींनी वाढते. मोठ्या रोहिणीत अडथळा आला तर रोहिणिका आधीच थोड्या जास्त उघडून तूट भरून काढतात. म्हणून बसल्या जागी काहीच जाणवत नाही. परंतु तोट्या अगोदरच उघडल्यामुळे जिना चढताना आणखी उघडायला जागा राहत नाही. थोडक्यात, अडथळ्याने आजचा खर्च भागतो, पण गंगाजळी संपते.

१९८४ साली आयोवा विद्यापीठातील कार्ल व्हाइट, मेल्व्हिन मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माणसांत तपासले. शस्त्रक्रियेसाठी हृदय उघडलेले असताना त्यांनी हृद्रोहिणी २० सेकंद दाबून धरली, मग सोडली आणि रक्ताचा वेग किती पटींनी वाढतो ते मोजले. त्याच रोहिणीच्या चित्रावरून डॉक्टरांनी सांगितलेले टक्के शेजारी मांडले. दोहोंचा मेळ बसला नाही. सारख्या टक्क्यांच्या अडथळ्यांमागे प्रवाहाची शिल्लक अगदी वेगवेगळी निघाली. डोळ्याने केलेला अंदाज प्रवाहाबद्दल भरवशाने काही सांगू शकत नव्हता.

मग प्रवाहच का मोजू नये? धडधडणाऱ्या हृदयावरच्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या रोहिणीतील प्रवाह अचूक मोजणे कठीण असते. शिवाय तो निरोगी असताना किती असायला हवा होता, हेही प्रत्येक माणसासाठी वेगळे असते. दाब मोजणे मात्र त्या मानाने सोपे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीला उभी काचनळी जोडून तिच्यात रक्त किती चढते हे पाहिले होते आणि १७३३ साली ते प्रसिद्धही केले होते. हेल्स यांची जुनीच युक्ती अडीचशे वर्षांनी पुन्हा कामाला येणार होती.

द्राक्षबागेतले दोन दाबमापक

ही युक्ती समजून घेण्यासाठी मिरजेपासून तासगावच्या रस्त्याला लागावे. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आहेत आणि त्यांना ठिबकने पाणी दिले जाते. विहिरीवरच्या पंपातून आलेले पाणी आधी गाळणीतून जाते, मग बागेतल्या नळ्यांत. गाळणीत शेवाळ व गाळ साचतो. तो किती साचला हे शेतकरी कसे ओळखतो? रोज गाळणी उघडून पाहत नाही. गाळणीच्या आधी आणि नंतर दाबमापक असतात, त्यांचे काटे तो पाहतो. आधी दोन किलो आणि नंतरही जवळजवळ तेवढाच दाब असेल तर गाळणी स्वच्छ. आधी दोन आणि नंतर दीड असेल तर धुवायची वेळ झाली.

यात एक खुबी आहे. बागेकडचे सर्व व्हॉल्व्ह बंद ठेवून काटे पाहिले तर दोन्ही सारखेच दिसतील, मग गाळणी कितीही तुंबलेली असो. पाणी वाहतच नसेल तर दाब पडणार कसा? एकच ओळ चालू असेल तर फरक थोडा दिसेल. सगळी बाग चालू केली की खरा फरक दिसतो. म्हणजे गाळणीची परीक्षा पूर्ण मागणीच्या वेळीच होते.

वर्गातही हे करून पाहता येईल. बादलीच्या तळाजवळ नळी बसवा आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला तोटी लावा. नळीच्या मधला भाग मऊ, पारदर्शक प्लास्टिकचा असावा, म्हणजे तो चापाने आवळता येईल. चापाच्या दोन्ही बाजूंना जवळच ठिबकचे टी-जोड बसवून त्यांवर उभ्या पारदर्शक नळ्या लावा. त्या बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हव्यात. आता चाप बराच आवळा, पण वाट पूर्ण बंद करू नका. तोटी बंद असताना दोन्ही नळ्यांत पाणी सारख्याच उंचीवर उभे राहील. तोटी किंचित उघडली की पुढच्या नळीतील पाणी थोडे उतरेल, पूर्ण उघडली की बरेच उतरेल. आडव्या नळीपासून दोन्ही स्तंभांची उंची मोजा आणि पुढच्या उंचीला आधीच्या उंचीने भागा. येणारा आकडा वहीत लिहून ठेवा. चाप सैल-घट्ट करून आणि तोटी कमी-जास्त उघडून हा आकडा कसा बदलतो, याचा तक्ता विद्यार्थ्यांना करता येईल.

एक साधा भागाकार

हाच आकडा हृदयात मोजण्याचा विचार नेदरलँड्समधील निको पेल्स आणि बेल्जियममधील बर्नार्ड द ब्रॉयन यांनी पुढे नेला. दाब मोजण्याचा प्रयत्न ग्रुन्ट्झिग यांनीही केला होता. परंतु त्यांची फुग्याची नळी जाड असल्यामुळे अरुंद जागेत ती स्वतःच अडथळा बनत असे आणि मोजणी विश्रांतीच्या अवस्थेत होत असे. म्हणजे गाळणीत बोळा घालून, व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून काटा वाचण्यासारखेच ते झाले. ती मोजणी पुढे मागे पडली.

नव्या पद्धतीत दोन्ही दोष काढले गेले. जाड नळीच्या जागी ०.३६ मिलिमीटर जाडीची तार आली. तिच्या टोकाजवळ दाब ओळखणारा सूक्ष्म संवेदक असतो. आणि सगळे व्हॉल्व्ह उघडावेत तसे, ॲडेनोसीन हे औषध शिरेतून देऊन रोहिणिका पूर्ण उघडल्या जातात. मग अडथळ्याच्या पुढचा दाब भागिले अडथळ्याच्या मागचा दाब, एवढाच हिशेब. याला फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह, थोडक्यात एफएफआर, असे नाव मिळाले. या कल्पनेचा कुत्र्यांवरील प्रयोगांतून मिळालेला पाया पेल्स, द ब्रॉयन व सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. लेखकांमध्ये गूल्डही होते.

दाबांचे गुणोत्तर प्रवाहाबद्दल कसे बोलते? रोहिणिका पूर्ण उघडल्या की त्यांचा विरोध किमान आणि जवळजवळ स्थिर होतो. विरोध स्थिर असला की प्रवाह दाबाच्या प्रमाणात बदलतो. विद्युतमंडलातील ओहमच्या नियमासारखेच हे आहे. म्हणून गुणोत्तर ०.७० आले तर त्याचा अर्थ असा, की अडथळा नसता तर जेवढे कमाल रक्त मिळाले असते त्याच्या सत्तर टक्के आता मिळते आहे. निरोगी रोहिणीसाठी हा आकडा १ असतो, मग माणूस कोणीही असो. येथेही सत्तर टक्केच, पण हे सत्तर टक्के रक्ताचे आहेत, चित्राचे नाहीत.

१९९६ साली या गटाने छातीत दुखणाऱ्या आणि चित्रात मध्यम अडथळा दिसणाऱ्या ४५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ०.७५ पेक्षा कमी आकडा आलेल्या सर्व २१ जणांत इतर चाचण्यांनीही रक्ताची तूट दिसली. ०.७५ किंवा अधिक आकडा असलेल्या २४ पैकी २१ जणांत एकाही चाचणीत तूट दिसली नाही. म्हणजे अडथळे चित्रात सारखेच मध्यम, पण जवळजवळ निम्म्या जणांचे रक्त पुरेसे होते. पुढे मर्यादा ०.८० धरली जाऊ लागली.

मग धाडसाचा प्रश्न आला. आकडा चांगला असेल तर चित्रातला अडथळा तसाच सोडून द्यावा का? 'डिफर' नावाच्या अभ्यासात ०.७५ किंवा अधिक आकडा असलेल्या १८१ जणांपैकी ९१ जणांचा अडथळा तसाच ठेवला आणि ९० जणांचा मोकळा केला. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण पहिल्या गटात ३.३ टक्के आणि दुसऱ्यात ७.९ टक्के होते. संख्या लहान असल्याने हा फरक पक्का म्हणता येत नाही. पण अडथळा सोडून दिल्याने तोटा झाल्याचे दिसले नाही, एवढे म्हणता येते.

२००९ साली 'फेम' हा १,००५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या एकाहून अधिक हृद्रोहिणी अरुंद होत्या. एका गटात चित्र पाहून स्टेंट बसवले, दुसऱ्यात ०.८० किंवा त्याहून कमी आकडा आला तरच. माणशी स्टेंट २.७ वरून १.९ वर आले. मृत्यू, झटका किंवा पुन्हा उपचार करावा लागणे, यांचे वर्षभरातले एकत्रित प्रमाण १८.३ टक्क्यांवरून १३.२ टक्क्यांवर आले. याच अभ्यासात चित्रातील ५० ते ७० टक्क्यांच्या अडथळ्यांपैकी फक्त ३५ टक्के अडथळे रक्त खरोखर कमी करणारे निघाले. ७१ ते ९० टक्क्यांच्या गटात असे ८० टक्के होते. आपले सुरुवातीचे 'सत्तर टक्के' नेमके या सीमेवर बसतात.

सारख्या टक्क्यांत एवढा फरक का, हे बागेत उभे राहिले की कळते. तेवढीच तुंबलेली गाळणी एका ओळीला पुरेल, पण पाच एकरांना पुरणार नाही. अडथळ्यापुढे हृदयाचा किती स्नायू आहे, त्यातला काही आधीच्या झटक्यात मेला आहे का, शेजारच्या रोहिणीतून आडवाटेने रक्त येते का, अडथळा आखूड आहे की लांब, यांपैकी काहीच टक्क्यांच्या आकड्यात उतरत नाही.

मापाचीही परीक्षा

येथे गोष्ट संपली असती तर ती फार सुबक झाली असती. परंतु 'रक्त कमी पडते का?' आणि 'वाट मोकळी केल्याने माणसाचे भले होते का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

२०१७ साली ब्रिटनमधील 'ऑर्बिटा' अभ्यासात स्थिर दुखणे आणि एकाच रोहिणीत ७० टक्के वा अधिक अडथळा असलेल्या २०० रुग्णांना आधी नीट औषधे दिली. मग निम्म्यांना स्टेंट बसवला आणि निम्म्यांवर नुसता देखावा केला. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना माहीत नव्हते. त्यांच्या एफएफआरची सरासरी ०.६९ होती, म्हणजे तूट खरी होती. तरीही सहा आठवड्यांनी व्यायामाची क्षमता दोन्ही गटांत ठामपणे वेगळी म्हणता येईल इतकी बदलली नव्हती. २०२० सालच्या 'इस्केमिया' या ५,१७९ रुग्णांच्या अभ्यासात, स्थिर विकारात औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने झटके व मृत्यू कमी झाले नाहीत, मात्र छातीतले दुखणे असलेल्यांना आराम अधिक मिळाला. २०२३ च्या 'ऑर्बिटा-२' मध्ये दुखण्यावरची औषधे थांबवून तुलना केली, तेव्हा स्टेंटने दुखणे देखाव्यापेक्षा निश्चित कमी झाले.

या साऱ्याचा मथितार्थ एवढाच, की स्थिर विकारात स्टेंट हा मुख्यतः दुखण्यावरचा उपाय आहे आणि आयुष्याची राखण बऱ्याच अंशी औषधे, तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि मधुमेहावर ताबा यांच्याकडे आहे. हृदयविकाराचा झटका आलेला असताना मात्र हे लागू नाही. तेव्हा रोहिणीत गुठळी होऊन वाट एकाएकी बंद होते आणि ती तातडीने मोकळी केल्याने प्राण वाचतात. तेथे टक्क्यांची चर्चा करत थांबायचे नसते.

आपल्याकडे हा विषय पैशांशीही जोडलेला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध मूल्य प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या : साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये. त्यामुळे एका स्टेंटची किंमत उतरली. पण किती स्टेंट लागतात, की एकही लागत नाही, हा प्रश्न किमतीने सुटत नाही, तो मापानेच सुटतो. दाब मोजणारी तार महाग असते आणि एकदाच वापरायची असते, म्हणून मापाकडे जादा खर्च म्हणून पाहिले जाते. माप सोपे करण्याचे प्रयत्न चालू आहेत. ॲडेनोसीन न देता, ठोक्याच्या ठरावीक क्षणी दाब मोजण्याची पद्धत जवळजवळ तितकीच उपयोगी असल्याचे २०१७ साली दोन मोठ्या अभ्यासांत दिसले. सीटी स्कॅनच्या चित्रावरून संगणकाने गणित करून, तार न घालताच हा आकडा काढण्याची पद्धतही आली आहे.

हा लेख वाचून कोणी आपल्या मनाने औषध बदलू नये किंवा ठरलेला उपचार टाळू नये. निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यायचा आहे. पण ज्याची प्रकृती स्थिर आहे अशा माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. या अडथळ्यामुळे रक्त कमी पडते हे कोणत्या चाचणीत दिसले? आणि वाट मोकळी केल्याने मला काय मिळेल, आराम की आयुष्य? आपल्या शाळेतली मुले अशा घरांतूनच येतात आणि उद्या फाइलींची पिशवी घेऊन आजोबांबरोबर मिरजेला तीच जाणार आहेत. 'कशाचे टक्के?' असे विचारण्याची सवय त्यांना वर्गात, दोन उभ्या नळ्यांच्या त्या प्रयोगापाशी लागली, तर ती दवाखान्यातही त्यांच्या उपयोगी पडेल.